उस्तादांच्या गाडीचा टर्बो

पनवेलमधलं माझं गॅरेज ट्रेलरवाल्यांच्या जिवावर चालायचं. जासईच्या कंटेनर यार्डांतून ट्रेलर यायचे आणि त्यांचे टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारे पंखे, उघडण्यात माझी दहा वर्षं गेली होती. त्यामुळे उस्ताद आपली जुनी लाल स्पोर्ट्स कार घेऊन आले तेव्हा मी मनातून वैतागलोच. असल्या नखरेल गाड्यांशी माझं कधी जमलं नाही. पण उस्तादांना नाही कोण म्हणणार? हे काम मला त्यांनीच शिकवलं. पुढे ते गल्फला गेले, परत आले आणि म्हातारपणी ही दोन दारांची जपानी हौस करून बसले. जुनी गाडी घ्यायची तर अजूनही अर्धं पनवेल आधी त्यांना दाखवायचं.

"टर्बो जरा शिट्टी मारतोय," ते म्हणाले. "मी बघितलाय, एकदम ओके आहे. तू फक्त एक नजर टाक. उद्या फजरच्या नमाजानंतर तुझ्या चाचीला घेऊन महाडला निघायचंय, लेकीकडे."

बॉनेट उघडून आत छोटा आरसा धरला, टर्बोवरची पट्टी पुसली आणि नंबर दोनदा वाचला. याच नंबरचे टर्बो मी डिझेल पिकअपना बसवत होतो. पेट्रोल गाडीच्या धुराची आच कितीतरी जास्त, आणि याला तर थंड करायला पाण्याची नळीसुद्धा नव्हती. आधीच्या कुठल्यातरी दीडशहाण्या मालकाने स्वस्तात काम उरकलं होतं.

हवेचा पाइप काढून पंख्याचं टोक चिमटीत धरलं. आडवा किंचित हलला, तेवढा हलतोच. मग आत-बाहेर ओढून पाहिला. तसा तो जाणवेल इतका हलता कामा नये, आणि हा चक्क टकटक वाजत होता. पंख्याचा दांडा तुटला तर ऑइल थेट तापलेल्या एक्झॉस्टवर. कर्नाळ्याच्या खिंडीत चाचीसकट पेटलेली गाडी मला डोळ्यांसमोर दिसायला लागली.

पण गुरूला तुम्ही चुकलात असं कोणत्या तोंडाने सांगायचं? मी पळवाट काढली. "उस्ताद, तुम्हीच परत एकदा बघा ना."

त्यांनी पंखा धरून ओढला. तो सरकताना मला डोळ्यांनी दिसला.

"घट्ट आहे," ते म्हणाले.

"हलतोय, उस्ताद."

फडक्याला हात पुसत ते हळूच म्हणाले, "शुगरने बोटं मेलीत. पाच-सहा महिने झाले. कुणाला बोललो नाही." आणि एकदम त्यांनी माझा दंड पकडला. "परवा एका टेम्पोचा टर्बो पास केलाय मी. मोरा बंदरातून मासळी नेतो तो. याच बोटांनी."

त्यांना मोबाइलची बटणं दाबता येईनात, म्हणून मीच फोन लावला. बेल बराच वेळ वाजत राहिली. टेम्पोवाल्याने उचलला तेव्हा मागे इंजिनाची घरघर होती. भरलेली गाडी घेऊन तो बोरघाट चढत होता. तुझा टर्बो परत बघायला लागेल, तिथेच थांब, असं मी त्याला सांगितलं.

"त्यो उस्तादांनी बगितलाय," तो निवांतपणे म्हणाला. "काय नाय व्हत त्याला. तुमी नका टेन्शन घेव."

उस्ताद शेजारी उभे राहून सगळं ऐकत होते. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"बेटा, मी बोलतोय. मी चुकलो. गाडी बाजूला लाव."