टेबलाच्या पायाखालची भूमिती

"दे इकडे," म्हणत साहेबांनी माझ्या हातातलं भूमितीचं पुस्तक घेतलं, मधोमध दुमडलं आणि वाकून आपल्या पोराच्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. मग टेबल दोन्ही हातांनी हलवून पाहिलं.

"आता हलत नाही. बस वाचत."

पोरगं वाचायला लागलं. मी दारात उभा. पुस्तक गेलं तरी हात तसाच पुढे राहिला होता.

टेबल डुगडुगत होतं आणि त्यामुळे पोराचं चित्त लागत नव्हतं. एवढंच कारण. घरात रद्दीचा ढीग होता, अंगणात विटांचे तुकडे होते. पण ते आणायला वेळ लागला असता, आणि माझं पुस्तक हाताशी होतं.

"साहेब, माझीबी परीक्षा हाय. मॅट्रिकचीच," मी म्हणालो.

साहेबांना खरोखरच नवल वाटलं. "तुला काय अभ्यास लागतो? तुम्हा लोकांना सवलती आहेत," ते म्हणाले. पोरगं हसलं. मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला आज इतक्या वर्षांनी लिहितानाही वाटते.

मी पाथर्डीकडचा. दुष्काळाचं वर्ष. आई गावाकडे सरकारी कामावर खडी फोडत होती आणि मी नगरला एका कचेरीत रोजंदारीवर शिपाई लागलो होतो. नावाला कचेरीत. खरं काम साहेबांच्या बंगल्यावर. मॅट्रिक झालो तर कायम होईन, असं हेडक्लार्कने सांगितलं होतं, म्हणून बाहेरून परीक्षेचा फॉर्म भरला होता. भूमितीचं ते पुस्तक गावच्या एका मास्तरांनी दिलेलं, जुनं, पण पान न पान शाबूत.

परीक्षा जवळ आली तसं साहेबांनी मला नवं काम लावलं. पोराची एकाग्रता राखायची. म्हणजे बंगल्याभोवती आवाज होऊ द्यायचा नाही. कावळे हाकलायचे, कुत्री हाकलायची, भंगारवाल्याला कोपऱ्यावरूनच परत पाठवायचं. आत पोराला भिजवलेले बदाम, पूर्वेला तोंड, समोर कोरी भिंत. साहेब रोज त्याला समजावत, "मन एका जागी ठेवायचं. इकडे तिकडे जाऊ द्यायचं नाही." मी बाहेर काठी घेऊन ऐकत असे. मला चहा मिळे तो खिडकीत ठेवलेल्या कान तुटलेल्या कपात. तो कप मीच विसळायचा आणि तिथेच पालथा घालायचा.

माझ्या बापाने बुद्धाची दीक्षा घेतली तेव्हा गावकीची कामं सोडली होती. कुणाच्या दारात काठी घेऊन उभं राहायचं नाही, म्हणाला. त्यापायी मार खाल्ला, पण पुन्हा उभा राहिला नाही. आणि त्याचा मुलगा मी, नगरसारख्या शहरात, दारात काठी घेऊन उभा होतो. पगार मिळतो म्हणून त्याला मी नोकरी म्हणत होतो.

रोज सकाळी त्या खोलीत झाडू मारताना पुस्तक दिसायचं. टेबलाचा पाय त्यात हळूहळू रुतत होता. "दुसरं काही ठेवू का?" असं मी दोनदा विचारलं. "त्याला पुन्हा त्रास नको," बाईसाहेब म्हणाल्या. मग मी फाटकापाशी बसून काठीने मातीत त्रिकोण काढायचो. आठवतील ती प्रमेयं मांडायचो. अर्धं प्रमेय झालं की आतून हाक यायची, "अरे, तो कावळा!" मी उठायचो. परत येईपर्यंत पुढची पायरी डोक्यातून गेलेली असायची.

परीक्षेसाठी रजा मागितली तर साहेब म्हणाले, "त्याच दिवसांत याचेही पेपर आहेत. तू नसलास तर इथे कोण बघणार? पुढच्या वर्षी बस."

दुसऱ्याच दिवशी दुपारी बंगल्यामागच्या नळाला पाणी आलं. बायांची गर्दी झाली, हंड्याला हंडा लागला. आतून हाक आली आणि मी काठी घेऊन धावलो.

"गप बसा. आवाज करू नका. आत अब्यास चाललाय."

एक म्हातारी हंडा खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. बोली आमच्याच बाजूची.

"कुनाचा रं अब्यास? तुजा?"

"न्हाई आज्जे. सायबाच्या पोराचा."

"मंग त्याचं त्यो बघंल की. तू कशापायी आमच्या अंगावर काठी घिऊन आलाय?"

मी काठीकडे बघितलं. ती खरंच वर उचललेली होती. माझ्या आईपेक्षाही थोरल्या बाईवर. आई त्या वेळी कुठल्यातरी टाकीवर असाच हंडा घेऊन उभी असेल आणि तिच्यासमोर माझ्यासारखाच कुणीतरी. काठी मी तिथेच नळाशी टाकली.

तसाच आत गेलो. चप्पल काढली नाही. पोरगं लिहीत होतं. मी टेबल एका हाताने उचललं आणि पुस्तक ओढून काढलं. टेबल दाणकन खाली आलं, दौत कलंडली, त्याच्या वहीभर शाई झाली. तो ओरडला तसे साहेब आले.

"हे काय चालवलंयस? उद्यापासून येऊ नकोस."

"न्हाई येत," मी म्हणालो. "सोमवारी माजा पेपर हाय."

पुस्तक काखेत मारून फाटकाबाहेर पडलो. नोकरी गेली होती. दुष्काळात नोकरी सोडणारा मीच शहाणा. कुणी म्हणेल, अपमानानेच तुला अभ्यासाला लावलं. साफ खोटं. अपमानाने माझे अभ्यासाचे दिवस खाल्ले, ते कुणी परत दिले नाहीत. मी पेपरला बसलो ते गिळलेल्या रागावर, आणि भूमितीत नापास झालो. पुढच्या वर्षी खडी फोडून पुन्हा बसलो.

ते पुस्तक अजून आहे. मधोमध पायाचा चौकोनी वण. मी त्याला कव्हर घातलेलं नाही. माझी मुलं अभ्यासाला बसतात तेव्हा बाहेर पोरं खेळतात, भांडी वाजतात, मी कुणालाही गप करत नाही. आणि कुणाचं टेबल डुगडुगत असेल तर खुशाल डुगडुगू दे. मोडून पडलं तरी त्याच्या पायाखाली आमच्या घरातला कागदाचा कपटाही जाणार नाही.