ऑटोला धक्का नसतो म्हणे

अन्याय माझ्या वहिनीवर झाला. गेल्या नोव्हेंबरात, दुसऱ्या रविवारी, दुपारच्या जेवणाआधी, टोकियोबाहेरच्या डोंगरातल्या एका शूटिंग रेंजवर. तिच्या उजव्या खांद्यावर. साक्षीदार मी.

वहिनी टोकियोतल्या हिगाशी-कसाईत राहते. दादाच्या नोकरीमागे आली आणि 'डिपेंडंट' हा शिक्का घेऊन घरात बसली. बिल्डिंगीतल्या बाकीच्या जणी केकचे क्लास शोधत होत्या तेव्हा हिने शूटिंगचा क्लब शोधला. पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीत तिचा नेम चांगला होता, तेवढंच भांडवल. इथे परवाना म्हणजे परीक्षा, डॉक्टर, बंदूक कुलपात ठेवायला भिंतीला ठोकलेलं कपाट आणि पोलिसांच्या चौकश्या. दादालासुद्धा विचारलं, तुमची भांडणं होतात का? "तिथे नाही म्हणालो," दादा नंतर मला म्हणाला, "खरं तर होतात, पण तिला त्यासाठी बंदूक लागत नाही."

या देशात रायफल हवी तर आधी दहा वर्षं छऱ्याची बंदूक बाळगावी लागते, तीही एकही चूक न करता. वहिनीने बाळगली. मग सेमी-ऑटोमॅटिक स्पोर्टिंग रायफल घेतली, सेकंडहँड, क्लबात शिकवणाऱ्या माणसाच्याच दुकानातून. सत्तरीचा गृहस्थ, सगळे त्याला सेनसेई म्हणतात. रायफल आधी कुणा उंच माणसाची होती. खांद्याला टेकतो तो लाकडी दस्ता त्याच्या मापाचा, आणि दस्त्याच्या टोकाचं रबर जुनं होऊन पाट्यासारखं टणक झालेलं.

त्या रविवारी मी पहिल्यांदा तिच्याबरोबर गेले. मला त्या रायफलीला हातही लावता येत नाही, परवाना नाही ना. मागच्या बाकावर बसून बघत होते. वहिनी पाच फुटांची. चापापर्यंत बोट पोचावं म्हणून तिला मान पुढे ताणावी लागत होती, आणि पुढचं वजन पेलायला कंबरेतून मागे झुकावं लागत होतं. दस्ता खांद्याच्या खोबणीत बसतच नव्हता, दंडाच्या हाडावर टेकत होता. प्रत्येक गोळीला ती अख्खी हलायची. पुढेपुढे तर गोळी सुटायच्या आधीच तिचे डोळे मिटायला लागले. मार खाणारं मूल हात उगारला की मिटतं ना, तसे.

सेनसेई शेजारी उभा राहून हसत होता. "ओकुसान, ही ऑटो आहे. ऑटोला धक्का नसतो. गामान, गामान."

ओकुसान म्हणजे बाईसाहेब. गामान म्हणजे सोसा.

माझं डोकं तिथेच फिरलं. ऑटोचा धक्का सौम्य असतो हे खरं आहे. गोळीमागचा थोडा वायू पुढची गोळी भरण्यात खर्च होतो, झटका जरा पसरून येतो. पण पसरून येऊन तो टेकणार कुठे? हाडावर! धक्का किती आहे ते यंत्राला विचारा. जाणवतो किती ते फक्त तिला विचारा. तिचा खांदा आहे तो.

बाथरूममध्ये मी तिला जॅकेट काढायला लावलं. दंडाच्या वरच्या टोकाला वरणाच्या पळीएवढा जांभळा डाग, त्याच्याखाली आधीचा पिवळा पडलेला.

"वहिनी, हे काय आहे?"

"काही नाही गं. हळद लावते."

"किती महिने लावतेयस?"

"वन्सं, यावर पत्रक काढू नका हं." परदेशी बायकांच्या बाइतोच्या, म्हणजे पार्ट-टाइम नोकरीच्या, हक्कांवर मी पत्रकं लिहिते. त्यावरून टोमणा मारायचा असला की ती मला वन्सं म्हणते. मग आरशात बघत म्हणाली, "परत देणार आहे मी रायफल. बस झालं. आपल्या शरीराचं कामच नाही हे."

दहा वर्षं वाट बघितलेली बाई! एवढे कागद, एवढ्या तपासण्या, आणि शेवटी दोष कुणाचा? तिच्या शरीराचा.

मी तशीच बाहेर गेले आणि सेनसेईला विचारलं, ही रायफल हिच्या मापाची आहे का? मोजलंत का कधी?

तो जरा दचकला. "मी विकतानाच विचारलं होतं. दस्ता आखूड करू का, रबर बदलू का. ओकुसान 'दाइजोबु' म्हणाल्या."

वहिनी माझ्या मागेच उभी होती. "अगं, मी 'चालेल' म्हटलं होतं!"

झालं! मराठीत 'चालेल' म्हणजे करा. जपानीत 'दाइजोबु' म्हणजे ठीक आहे, पण कुणी काही देऊ केल्यावर तेच म्हटलं की अर्थ होतो, नको, राहू द्या. दुकानात पिशवी नको असली की वहिनी रोज हाच शब्द वापरते. पण एका वडीलधाऱ्याने आपणहून काही देऊ केलं, आणि हिच्या डोक्यातलं पुणेरी 'चालेल' जपानी कपडे घालून बाहेर पडलं. त्याने काही केलं नाही. हिला वाटलं त्याने दस्ता कापलाच आहे, कापूनही लांब वाटतंय म्हणजे आपणच कमी पडतोय. परत तक्रार कशी करायची?

आता कुणी म्हणेल, मग चूक वहिनीचीच. अजिबात नाही! शब्दाची चूक एकदा झाली. त्यानंतर कितीतरी रविवार हा माणूस तिच्या शेजारी उभा होता. ताणलेली मान दिसत होती, मिटणारे डोळे दिसत होते. शिकवणाऱ्याला यातलं काय कळत नाही? दस्ता कापला की बंदुकीची लांबी बदलते, परवान्यात नोंद बदलायला पोलिसांकडे जावं लागतं. ती कटकट नको असेल. पण 'विचारलं होतं' या एका वाक्यावर माणूस किती दिवस हात झटकू शकतो? पुरुषाचा खांदा सुजला असता तर दुसऱ्यांदा विचारलं असतं. बाई आणि त्यात परदेशी, तिला गामान!

पुढचं मात्र वहिनीने केलं. मी भांडत होते तेवढ्यात तिने रिकामी रायफल उचलली, नळी टार्गेटकडे ठेवून कोपर वाकवलं, दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या बाजूला टेकवलं आणि बोट पुढे केलं. बोट चापाच्या बरंच अलीकडे राहिलं.

"मोजा," ती म्हणाली. आवाज न चढवता, जपानीत.

तो वाकून बघत राहिला. मग पुटपुटला, "नागाई." लांब आहे.

दस्ता कापून झाला. जाड, मऊ रबर बसलं, परवान्यातली नोंद बदलली. पुढच्या वेळी ती पुढे झुकून उभी राहिली, मान सरळ, दस्ता खोबणीत. गोळी सुटली, खांदा मागे गेला आणि जागेवर आला. "आधी मारायची," ती म्हणाली, "आता ढकलते." तिचे डोळे उघडे होते. रायफल परत द्यायचा विषय संपला. उजव्या हाताने फळीवरचा डबा मात्र तिला अजून काढता येत नाही.

आणि सेनसेई काय म्हणाला माहितीये? हसून म्हणाला, "बघा ओकुसान, झाली ना सवय!"

सवय नाही झाली. माप झालं.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही शिकवत असाल, दुकान चालवत असाल किंवा घरी बसून "झेपत नाही तर सोड ना" म्हणणारे नवरे असाल, तुमच्यासमोर एखादी बाई खांदा चोळत असेल तर तिला धीर देऊ नका. टेप आणा आणि तिचा हात मोजा. येत्या रविवारी, पहिली गोळी सुटायच्या आधी.