सोबती म्हणून केलेली सही

माझा मोठा भाऊ जन्मतः हातापायांनी अधू होता. हात स्वतःच्या मर्जीने उडायचे आणि बोलायला लागला की एका वाक्याला वेळ लागायचा. डोकं मात्र शाबूत, किंबहुना माझ्यापेक्षा तल्लख. आई-वडील गेल्यावर वसईच्या आमच्या गावातल्या घरात आम्ही दोघंच उरलो. त्याला आंघोळ घालणं, भरवणं, दाढी करणं, सगळं माझ्याकडे. मी शाळेत शिकवून निवृत्त झालेली, स्वभाव हेडबाईचा. त्याला काय हवं ते त्याने सांगायच्या आत मला कळतं, असा मला गर्व होता.

मतदानालाही मीच त्याला न्यायची. चाकांची खुर्ची ढकलत शाळेतल्या केंद्रापर्यंत, मग रांगेतल्या दोघांनी उचलून पायऱ्या चढवायच्या. ज्याला स्वतः बटण दाबता येत नाही, त्याला एक सोबती आत नेता येतो. त्या सोबत्याने एका कागदावर सही करायची असते की हे मत मी गुप्त ठेवीन, आणि आज दुसऱ्या कोणाचा सोबती झालेलो नाही. मी दर वेळी डोळे झाकून सही करायची.

पहिल्यांदा मी त्याला यंत्रापाशी विचारलं होतं, दादा, कोणाला? त्याने तोंड उघडलं. मान वळली, ओठ हलले, शब्द काही येईना. मागे रांग, टेबलाशी बसलेले साहेब घड्याळ बघतायत. मला लाज वाटली. आमच्या घरात वडील आदल्या दिवशी जेवताना सांगायचे आणि सगळं घर तिथेच शिक्का मारायचं, तेव्हा यात विचारायचं तरी काय? मी बटण दाबलं. त्यानंतर कधी विचारलं नाही. वडील गेल्यावर कोणाला द्यायचं ते मी ठरवू लागले आणि दोन्ही मतं तिकडेच जाऊ लागली.

गेल्या विधानसभेच्या आधी अंगणवाडीच्या बाई मतदार यादीचं काम घेऊन घरी आल्या. त्याची कंबर तोवर अगदीच गेली होती. अशा माणसांना आता घरी मत देता येतं, अर्ज भरा, दाखला जोडा, म्हणाल्या. एकदा अर्ज मंजूर झाला की केंद्रावर जाऊन मत देता येणार नाही, हेही बजावलं. जाताना त्याच्याकडे बघून म्हणाल्या की घरी यंत्र नसतं, कागदावर पेनाने खूण तुम्ही स्वतः करायची, नाहीच जमलं तर एक सोबती, आणि तो तुम्हीच निवडायचा. माझं अर्धं लक्ष चुलीवरच्या कालवणाकडे होतं. त्याचं पूर्ण लक्ष होतं.

पुढचे दोन आठवडे तो पेन मागत होता. मुठीत पेन धरून चर्चच्या पत्रिकेच्या मागे, वर्तमानपत्राच्या कडेला फुल्या मारायचा. भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान घेतलं तेव्हा मी ओरडले, लहान का आहेस आता? त्या पानावर मी दुधाचा हिशेब लिहिलेला होता. त्याने पान परत दिलं, पेन मात्र सोडलं नाही.

ठरल्या दिवशी पाच माणसं आली. एक अधिकारी बाई, त्यांचा मदतनीस, एक निरीक्षक, कॅमेरावाला आणि पोलीस. आजाऱ्याला कम्युनियनचा प्रसाद द्यायला फादर येतात तेव्हा घालते तसा पांढरा टेबलक्लॉथ मी टेबलावर घातला होता. बाईंनी त्यावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, मतपत्रिका ठेवली. मी सवयीने त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि सहीचा कागद मागितला.

"बाय," त्याने मला नेहमीची हाक मारली. मग बराच वेळ नुसती मान हलत राहिली. सगळे थांबले. "तू भायेर जा."

मला वाटलं त्याला पाणी हवंय. त्याने पुन्हा तेच सांगितलं. मी चिडले, इतक्या लोकांसमोर! बाईंना म्हटलं, मी मतमोजणीची ड्युटी केलेली आहे, खूण दोन रकान्यांत गेली की मत बाद होतं, याचा हात बघा तरी. बाई शांतपणे म्हणाल्या, "बाद झालं तर त्यांचं होईल, ताई. तुम्ही बाहेर थांबा."

मी मागच्या दाराने विहिरीपाशी गेले. केळीची सुकलेली पानं ओढून काढली, काही काम नव्हतं तरी. खिडकीतून डोकावलेही, खोटं कशाला बोलू? त्याची पाठ दिसली, आणि थरथरणारा उजवा खांदा. अर्धा तास लागला. तोवर पोलिसाने ओट्यावर बसून दोन केळी खाल्ली. लिफाफे बंद करून सगळे निघून गेले, तेव्हा त्याचा सदरा घामाने भिजलेला होता आणि तो हसत होता.

दिवसभर मी गाल फुगवून बसले. संध्याकाळी पेज भरवताना राहवेना. विचारलं, कोणाला दिलंस ते सांग तरी, मी काय परकी आहे?

त्याने घास गिळला. "एवडा तरी माजा रावदे," म्हणाला. मी चमचा खाली ठेवला. थोड्या वेळाने तो पुन्हा बोलू लागला, आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा मधे न बोलता वाट पाहिली. "केंद्रावर... तू बटन दाबायची. मना दिवा दिसायचा."

यंत्रावर दाबलेल्या नावापुढे लाल दिवा लागतो. तो प्रत्येक वेळी माझ्या शेजारीच होता, आणि त्याचे डोळे चांगले होते. इतकी वर्षं त्याने तो दिवा बघितला होता आणि परत येताना खुर्चीत बसून माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या होत्या. मला माफी मागता आली नाही. पेज निवली होती, ती मी गरम करायला घेऊन गेले.

पुढच्या पावसाळ्यात तो गेला. त्याच्या मताचं काय झालं, मोजलं गेलं की बाद झालं, कोणाला गेलं, मला कधीच कळणार नाही. ते कळायचं नसतंच. मी रडते ते त्यासाठी नाही.

महापालिकेच्या निवडणुकीला मी एकटी गेले. रांगेत माझ्या पुढे एक म्हातारे गृहस्थ होते, अर्धांगाने जीभ जड झालेले, सोबत सून. यंत्रापाशी ती त्यांच्या तोंडाशी कान नेऊन उभी राहिली. ते काहीतरी सांगत होते, तिला कळत नव्हतं, ती पुन्हा विचारत होती. पाच मिनिटं झाली, सात झाली. मी मागे वळून पाहिलं. कोणी घड्याळ बघत नव्हतं, कोणी कुरकुरत नव्हतं, टेबलामागचे साहेबसुद्धा कागद चाळत बसले होते. मी तिथेच रडायला लागले. मागच्या बाईला वाटलं मला ऊन लागलं, तिने मला पाणी दिलं.