पी की बी?

संगणकाच्या पोटात साठलेली धूळ तापली की तिला एक करपट, किंचित गोडसर वास येतो. तंजावरच्या मेल वीदी या रस्त्यावरच्या आमच्या घराच्या ओसरीवर दुरुस्तीवाल्या सेल्वमने पेटी उघडून आत वारा मारला, तेव्हा तो वास स्वयंपाकघरातल्या कढीलिंबाच्या फोडणीपर्यंत जाऊन पोचला. बिघडलेली डिस्क काढून त्याने नवी बसवली, सारे पहिल्यापासून भरले, आणि पडदा उजळला तो कसा! निरभ्र, निळा, निष्कलंक! नव्या आरंभाला लोक मंगल म्हणतात. मला मात्र त्या निळाईत ओळखीचे कोणीच दिसेना, आणि खरे सांगते, मी घाबरले.

कारण पेनड्राइव्हवर जपलेली माझी शब्दांची वही उघडली, तर तिच्यात डॉलर, टक्के आणि कंस यांचीच गर्दी! ओरत्तनाडूच्या शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता मी हे एक व्यसन लावून घेतले होते: तंजावरच्या आमच्या घराघरांतली मराठी टिपायची, जिच्यात तिकडच्या, महाराष्ट्रातल्या मराठीने केव्हाच टाकून दिलेली रूपे अजून सुखाने नांदतात. ज्या वृद्धांनी ते शब्द मला सांगितले, त्यांतले बहुतेक आता नाहीत. त्यांना पुन्हा विचारायला जायचे कोठे? ते सारे मी एका जुन्या देवनागरी सॉफ्टवेअरमध्ये टाइप केले होते; ते नसले की अक्षरांच्या जागी अशी चिन्हेच दिसतात. त्याची सीडी हाती होती, पण नव्या डिस्कवर ते परवाना-क्रमांक मागत होते, आणि क्रमांक छापलेले वेष्टन वाळवीने फस्त केले होते.

परवाना! किती सभ्य शब्द, आणि आत केवढा उद्दामपणा! कावेरीच्या पाण्यावर भाताबरोबर ही भाषाही आम्ही पिढ्यान् पिढ्या पिकवली, ती कोणाचा परवाना काढून? राज्य गेले, दरबार गेला, लिपीसुद्धा बहुतेकांच्या हातून सुटली. बोलणे मात्र कोणाला न विचारता चालूच राहिले. आणि आता माझ्याच मावशीने उच्चारलेला शब्द वाचण्यासाठी मी एका यंत्रापुढे हात जोडून उभी राहू?

तरीही मी रीतसर कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. “मॅम, ते उत्पादन आम्ही बंद केलंय. जुने क्रमांक आमच्याकडे नाहीत. तुम्ही वार्षिक सदस्यत्व घ्या ना.” नव्यात माझी जुनी वही उघडेल का, या प्रश्नावर मात्र तिला खात्री देता येईना. म्हणजे विकत घेतलेली अक्षरे सोडून द्यायची आणि दरवर्षी भाड्याने नवी आणायची! मी नाही म्हणाले आणि फोन ठेवला.

“टीचर, क्रॅक टाकतो, मग क्रमांकच मागणार नाही,” सेल्वम हळूच म्हणाला. “दोन मिनिटांचं काम. कोण बघायला येतंय?” बिचारा माझ्या भल्याचेच सांगत होता, पण माझा पारा चढला. स्वतःच्या घरात मी खिडकीतून का शिरू? दार माझे आहे, किल्लीही माझीच आहे, ती शोधून मी दारानेच आत जाईन, असे मी त्याला ठणकावले.

किल्ली निघाली ती आक्काकडे. माझी ही थोरली बहीण तमिळ शाळेत शिकलेली. बोलते अस्सल मराठी, पण देवनागरीचे एक अक्षर तिला येत नाही. सॉफ्टवेअर घेतले त्या दिवशी मी शाळेत होते, आणि कंपनीच्या माणसाने खात्रीसाठी फोनवरही वाचून दाखवलेला इंग्रजी अक्षरे-आकड्यांचा क्रमांक तिने एका कॅलेंडरच्या मागे तमिळ लिपीत उतरवून ठेवला होता. मी आनंदाने तो कागद हाती घेतला आणि वाचता वाचता अडले. तमिळमध्ये प आणि ब यांना एकच अक्षर, ट आणि ड यांनाही एकच! चार ठिकाणी घोटाळा होता: पी की बी? टी की डी?

“सरू, मी ऐकलें तसं लिहिलें,” आक्का हिरमुसून म्हणाली. तिची काय चूक? ‘बाबा’ आणि ‘पापड’ यांत तिची जीभ आयुष्यात कधी अडखळली नाही; हातालाच कोणी तो भेद शिकवला नव्हता.

चार जागा, प्रत्येकीला दोन पर्याय: सारे मिळून सोळा क्रमांक. मी ते सोळाही कागदावर मांडले आणि एकेक भरू लागले. तीन चुकले की सॉफ्टवेअर फटकन बंद होई. आम्ही ते पुन्हा उघडत होतो. सेल्वमला दुसरीकडे काम होते, तरी तो हलेना; आक्का प्रत्येक नकाराला यंत्राला तमिळमध्ये एक शिवी देत होती. तेरावा क्रमांक भरला, आणि डॉलर-टक्क्यांचा तो चिखल एका क्षणात ओसरून पडदाभर अक्षरे उभी राहिली! ‘सांगटलं’, म्हणजे ‘सांगितलं’, आणि शेजारी कंसात मावशीचे नाव. मला रडू आले, आणि ते मी लपवले नाही.

मग मी तो क्रमांक कॅलेंडरच्या मागे देवनागरीत लिहू लागले. आक्का निरखून बघत होती. “पी दोन असतात म्हणून मजला कोणी सांगटलंच नाही की,” ती म्हणाली, आणि तिने माझ्या हातातले पेन काढून घेतले. “दाखीव, बी कसा तो. मी लिहितें.” अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिने देवनागरीतले आपले पहिले अक्षर काढले. गोल चेपला होता, पोटातली रेघ पार बाहेर निसटली होती. पण तो प नव्हता. कोणी काहीही म्हणो, तो प नव्हता.