भिंतीवरच्या तीन काचा

जुन्नरच्या ज्या धर्मशाळेत मी झाडलोट करते, ती नगरपालिका पाडणार असं वर्षभर चाललं होतं. मागची खोली मला राहायला दिली आहे. धर्मशाळा गेली तर खोलीही गेली.

पाडू नये म्हणून इतिहास मंडळाची माणसं धडपडत होती. त्यांनी गावातल्या जुन्या इमारतींच्या फोटोंची स्पर्धा ठेवली. कोणीही फोटो पाठवावा, असं फळ्यावर लिहिलं होतं. लेक म्हणाली, "आई, आपली धर्मशाळा काढ की. मी पाठवते."

फोटो काढायचा तर आम्ही आधी पोरांची तोंडं धुतो. तसंच मी केलं. जाळी काढली, ओटा धुतला. ओट्यावरच्या भिंतीला लांब भेग आहे. तिच्यावर सिमेंटनं काचेच्या तीन पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. भाताच्या लावणीला मी माहेरी तळेघरला गेले होते, तेव्हा कोणीतरी लावून गेलं होतं. मला वाटलं, गवंड्यानं घाण करून ठेवली. उलथन्यानं खरवडून काढल्या, कचऱ्यात टाकल्या, भेगेत चुना भरला आणि भिंतीवर चुन्याचा हात फिरवला. मग मोबाइलवर फोटो काढला. छान आला.

शाळेच्या हॉलमध्ये फोटो लावले, त्या दिवशी आम्ही दोघी मागे उभ्या होतो. मंडळाचे म्हातारे गुरुजी नगरपालिकेच्या साहेबांना एकेक फोटो दाखवत होते. माझ्या फोटोपुढे गुरुजी थांबले ते हललेच नाहीत.

"पट्ट्या कुठं गेल्या?"

साहेबांनी चष्मा वर केला. "ते मी तुम्हाला विचारायचं, गुरुजी. भिंत सरकली तर काच फुटंल, नाही फुटली तर पाडायचं नाही, असं ठरलं व्हतं ना? काच फुटली, म्हणून काढून वर चुना मारला तुम्ही. हुशार आहात राव."

"आम्ही कशाला काढू?"

"मग भिंतीनं खाल्ल्या व्हय?"

लोक हसले. त्या काचा कशासाठी होत्या, ते मला तेव्हा कळलं.

"मी काढल्या," मी म्हणाले. कोणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणाले, तेव्हा सगळे वळले.

"तुम्ही कोण, बाई?"

"झाडते तिथं."

"कशापायी काढल्या?"

"फोटो काढायचा व्हता. वंगाळ दिसत व्हतं."

या वेळी कोणी हसलं नाही. साहेब जवळ आले. "काढल्या तवा काच फुटलेली व्हती का चांगली?"

लेकीनं मागून पदर ओढला. "चांगली व्हती म्हण," ती पुटपुटली. गुरुजीही माझ्याकडेच बघत होते. मी एवढा एक शब्द बोलले असते तर सगळं मिटलं असतं. पण हाताला जे आठवत होतं तेच तोंडातून निघालं.

"दोन चांगल्या निघाल्या. मधली हातात फुटली. आधी तडकली व्हती का, ते न्हाई सांगता येत. सिमेंटनं भरली व्हती."

गुरुजी खुर्चीवर बसले. साहेबांनी फोटोतल्या चुन्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "दुसरी कोणी असती तर तिन्ही चांगल्या म्हणाली असती." त्यांनी पुढचा पावसाळा संपेपर्यंत मुदत दिली. चुना खरवडून नव्या काचा लावायच्या, पण मधली नगरपालिकेचा माणूस लावणार. ती फुटली तर धर्मशाळा पाडायची, मग कोणी अर्ज घेऊन यायचं नाही. गुरुजींनी मान डोलावली.

घरी येईपर्यंत लेक माझ्यापुढं झपझप चालत राहिली. चूल पेटवताना म्हणाली, "तुला खोटं बोलायला पण येत न्हाई."

नव्या काचा लागून दोन महिने झाले. मी ओटा झाडते, पण त्या भिंतीपासून हातभर लांबूनच. जाळी धरली तरी काढत नाही. कडेच्या दोन काचा रोज बघते. मधलीकडे बघायचं लेकीवर सोडलंय. ती शाळेला जाताना बघते, आणि काही न बोलता गेली की मी कामाला लागते.