पांढऱ्याला भ्यालेली पोर

गाडीवानानं बैल जुंपले तरी आईच्या सूचना संपत नव्हत्या. मंदा माझ्या मांडीवर झोपली होती, पाच महिन्यांची. पहिलं बाळंतपण माहेरी उरकून मी नवऱ्याच्या नोकरीच्या गावी निघाले होते, आणि आई गाडीच्या चाकाला हात लावून उभी होती, जणू तिनं हात काढला की गाडी सुटेल. शेवटी तिनं कनवटीला खोचलेलं चांदीचं बोंडलं काढलं. निघून गेलेल्या मुलींना ते ठाऊक आहे, त्यांच्या मुलींना कदाचित नसेल: चोच असलेली छोटीशी वाटी, बाळाला आडवं धरून तिच्यातून घशात दूध सोडायचं. "याच्यानंच तुम्ही चौघं वाढलात. पोरीला दुधावर ठेव, बाकी काही लागत नाही," आई म्हणाली. मागे गोठ्यात चार दुभत्या म्हशी रवंथ करत होत्या. त्या घरातून निघताना दूध ही काळजी करण्याची गोष्ट असते हे मला कुठून सुचणार?

वहिनी, हे मी तुम्हाला लिहितेय, पण आमच्या आळीतल्या ज्या ज्या मुली कुकडी नदीचा काठ सोडून मुंबईकडे आल्या त्यांनाही लिहितेय. लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. लढाई संपूनही आता दोन वर्षं झाली, एवढे दिवस मी गप्प राहिले. का, ते शेवटी सांगते.

पुण्याहून आगगाडीनं दादर, तिथून दुसऱ्या गाडीनं भाईंदर. हे मिठागराच्या कचेरीत कारकून होते, आणि आमची खोली हिराबाईच्या घराला लागूनच होती. हिराबाई आगरी, पन्नाशीची, कासोटा घातलेली, दिवसभर मिठागरात राबून उरलेल्या वेळात आमची घरमालकीण. पहिल्या दिवशी मी दार उघडून बाहेर पाहिलं ते आजही आठवतं. एक झाड नाही. नजर जाईल तिथवर पाण्याचे चौकोन आणि कडेला मिठाचे ढीग, उन्हात असे लखलखणारे की डोळे मिटावे लागत. वारा तोंडावर आला तर ओठ खारट होत. मी मनाशी ठरवून टाकलं की या उन्हात आणि या वाऱ्यात पोरीला काढायची नाही. दार लावून घेतलं, खिडकीला जुनं लुगडं बांधलं. शहाणपणाच केला म्हणा!

दोन महिन्यांत मला हिवताप आला. त्या पाण्याच्या गावात डासांना काय तोटा! थंडी वाजून अंथरुणातून उठता येईना, आणि त्यातच अंगावरचं दूध आटलं. मी घाबरले नाही, कारण बोंडलं होतं. गवळ्याकडून म्हशीचं दूध आणलं, कोमट केलं, पोरीला मांडीवर आडवी घेतली आणि चोच तोंडात दिली. पोरीनं सगळं बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मग गाईचं आणलं, शेळीचं आणलं, साखर घातली, वेलची घातली, सुंठ घातली. काही केल्या पोर दूध गिळेना, डाळीचं पाणी तेवढं घोटभर घ्यायची. घोट तोंडात धरून ठेवायची आणि माझं लक्ष नाही असं पाहून हळूच गालावरून सोडून द्यायची. इतकं एवढंसं लेकरू, पण हट्ट असा की मला रडू यायचं.

दहाव्या महिन्यात ती बसेना. अकराव्यात बसवली तर कलंडायची. झोपेत कपाळाला घाम यायचा, उशी ओली व्हायची. टाळू भरली नव्हती. मी रोज बोट लावून पाहायची आणि रोज ती तशीच मऊ लागायची. बाराव्यात तिला काखेत धरून उभी केली, तेव्हा तिचे पाय नडग्यांपाशी बाहेरच्या बाजूला वाकले. मी तिला पुन्हा निजवली आणि पायांवर पांघरूण घातलं, कुणी पाहू नये म्हणून. खोलीत आम्ही दोघीच होतो.

खाडीपलीकडे वसईला एक डॉक्टर होते, त्यांच्याकडे हे आम्हाला घेऊन गेले. त्यांनी पोरीच्या बरगड्या चाचपल्या, मनगटं पाहिली आणि म्हणाले, मुडदूस आहे. हाडांत कॅल्शियम नाही. मी कॅल्शियम हा शब्द पहिल्यांदाच ऐकला, मला वाटलं रोगाचंच नाव. मग त्यांनी समजावलं की हाडांना लागतो तो एक प्रकारचा चुनाच, आणि तो दुधात असतो. "दूध पोटात गेलं नाही तर ही मुलगी चालायची नाही," ते म्हणाले. आणखीही काही म्हणाले, उन्हात न्या वगैरे. ते ह्यांनी मला पुढे कितीतरी दिवसांनी सांगितलं. त्या वेळी माझ्या कानांत एकच वाक्य अडकलं होतं.

परत आल्यावर मी माणूस राहिले नाही, वहिनी. विड्याचा चुना पाण्यात कालवून वरची निवळी पाजून पाहिली, ती थुंकली. डॉक्टरांचं औषध पाजलं, ते ओकली. मग मी आमच्याकडे करतात तेच केलं. पोरीचे हात पदरात गुंडाळायचे, डोकं कोपराच्या घडीत दाबायचं, नाक चिमटीत धरायचं आणि श्वासासाठी तोंड उघडलं की बोंडल्यातलं दूध घशात ओतायचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. ती रडायची, मीही रडायची, पण हात थांबत नव्हता. निम्मं दूध नाकातून यायचं. उरलेलं पोटात गेलं या समाधानावर मी पुढच्या वेळेपर्यंत जगायची. आईनं आम्हा चौघांना असंच वाढवलं होतं ना! मग मलाच का जमत नाही, हा विचार मला खायचा. असं वाटायचं, माझ्याच हाताला काहीतरी लागलेलं आहे.

एका दुपारी दूध ओतलं आणि रडणं मध्येच थांबलं. आधी मला बरंच वाटलं, देवाशपथ सांगते, बरं वाटलं. मग पाहिलं तर ओठ निळे पडलेले, डोळे वर गेलेले, आणि छाती हलत नव्हती. मी किंचाळले की नाही आठवत नाही. हिराबाई मिठागरातून जेवायला आली होती, ती धावत आत आली. तिनं पोरीला माझ्या हातातून ओढून घेतलं, पालथं घालून डोकं खाली केलं आणि पाठीवर चापट्या मारल्या. तीन, चार, पाच. दूध बाहेर आलं, मग खोकला आला, मग रडणं. हिराबाईनं पोरीला खांद्यावर टाकलं, बाहेर उन्हात नेलं आणि मी उंबऱ्यात बसून राहिले. बोंडलं कोपऱ्यात पडलं होतं. ते मी उचललं नाही.

त्या दिवसानंतर मंदानं पांढरं काहीही तोंडात घेतलं नाही. दूध सोडाच, मऊ भात नाही, पेज नाही, दही नाही, बत्तासा नाही. वाटीत पांढरं दिसलं की अंग ताठ करायची आणि आवाज न करता रडायची. वर्षाचं पोर आवाज न करता रडतं हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. डाळीच्या पाण्यावर ती कशीबशी जगत होती. मी हात टेकले होते. मनात येऊ नये ते येत होतं: हिचे हाल होण्यापेक्षा... पुढचं लिहीत नाही.

चार दिवसांनी हिराबाई एक जर्मन धातूची वाटी घेऊन आली. आत तपकिरी रंगाची दाट पेज होती, नाचणीची. आपल्याकडे नाचणीला कोण विचारतं? मी नाक मुरडलं असेल, कारण ती माझ्याकडे पाहून हसली. पोरीला मांडीवर आडवी न घेता समोर बसवून, पाठीला गुडघ्याचा आधार देऊन, तिनं स्वतःच्या बोटावर थोडी पेज घेतली आणि नुसती तोंडासमोर धरली. मंदानं वाटीत पाहिलं, रंग पाहिला आणि तोंड उघडायला लागली. तेवढ्यात हिराबाईनं बोट मागे घेतलं आणि माझ्याकडे वळली.

"पोर पांढऱ्याला भ्येली हाय, ही खाल," ती म्हणाली. "पन यात जवळा कुटून घातलाय. तुला चालत न्हाय, मना ठाव हाय. तू सांगशील तरच भरवीन."

जवळा म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी, भाजून कवचासकट कुटलेली. वास आता मला आला. तुम्हाला आपलं घर ठाऊक आहे. बाजारातून येताना मासळीवाली आडवी गेली तर आई अंगण शिंपायची. तिचा हात त्या क्षणी माझ्या खांद्यावर होता असं मला खरंच वाटलं. पण पोरीचं तोंड उघडं होतं. दोन-तीन महिन्यांत पहिल्यांदा ते आपणहून उघडलं होतं.

"भरवा," मी म्हणाले.

मंदानं ती वाटी चाटून पुसून खाल्ली आणि हिराबाईचं बोट सोडेना. मी भिंतीकडे तोंड करून रडले.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे रोज संध्या करणारे, कचेरीत दुसऱ्याच्या तांब्यातलं पाणी न पिणारे. ऐकून ह्यांनी पोरीचे पाय चाचपून पाहिले. मग म्हणाले, आपल्या चुलीवर नको. तेवढंच. पुढच्या आठवड्यात वसईला गेले आणि डॉक्टरांना विचारून आले. डॉक्टर म्हणाले होते की अख्खं कवच पोटात जातं, त्यात चुनाच चुना, आणि नाचणीतही भरपूर. मग आधीच का नाही सांगितलंत, असं ह्यांनी विचारलं, तर डॉक्टर म्हणाले की तुमचं आडनाव ऐकून सांगायचा धीर झाला नाही. परत येऊन ह्यांनी हे मला सांगितलं. आडनावापायी पोर जाणार होती, बाई!

मग रोज सकाळी हे मंदाला उघड्या अंगानं मिठागराच्या बांधावर उन्हात घेऊन बसायचे. हिराबाई पेज करायची. दोन महिन्यांनी मी तिच्याच चुलीपाशी बसून जवळा भाजायला शिकले. पहिल्यांदा नाकाला पदर लावला, मग नाही. टाळू भरली. मंदा बसली, सरकू लागली, आणि दोन वर्षांची व्हायच्या आत एक दिवस मिठागरातल्या बायकांसमोर बांध धरून उभी राहिली. पाय थोडे वाकलेले राहिले ते राहिलेच. आजही चालताना ती बदकासारखी हलते आणि मुली तिला चिडवतात. चिडवू देत.

घरून पत्रं यायची. आईला लिहितावाचता येत नव्हतं, आबा लिहायचे. दर पत्रात एकच: मंदा दूध पिते ना? आणि मी दर उत्तरात लिहायची: पिते. सुरुवातीला लाजेनं लिहायची, मग सवयीनं.

मंदा तीन वर्षांची झाल्यावर मी तिला माहेरी घेऊन आले, वहिनी, तुमचं लग्न व्हायच्या आधीची ही गोष्ट. आईनं पोरीला मांडीवर घेतलं, तिचे पाय पाहिले. मग चांदीच्या पेल्यात धारोष्ण दूध आणलं. मंदानं पेल्यात पाहिलं आणि अंग ताठ केलं. आवाज न करता डोळ्यांतून पाणी. आईनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पेला खाली ठेवला. त्या दुपारी गोठ्यात मी तिला सगळं सांगितलं. नाक दाबल्याचं, निळ्या ओठांचं, जवळ्याचं. ती म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत ऐकत राहिली. मला वाटलं, आता माझं पान ओसरीवर मांडणार.

"किती वेळा देतेस ते?" तिनं विचारलं.

रोज, मी म्हणाले.

"मग देत जा. पण पत्रात दूधच लिही. पत्र तुझे आबा मोठ्यानं वाचतात."

माझं पान नेहमीच्या जागीच मांडलं गेलं. जेवताना आईनं मला आग्रह केला नाही, एवढाच फरक. तेव्हापासून ती जाईपर्यंत मी दर महिन्याला लिहिलं: मंदा दूध पिते. आणि दर महिन्याला आबांच्या अक्षरात उत्तर आलं: वाचून तुझ्या आईला बरं वाटलं. त्या एका ओळीत आम्ही दोघी काय बोलत होतो ते आबांना कधी कळलं नाही.

तिनं सांगितलं म्हणून मी एवढे दिवस गप्प राहिले; आता आई नाही. मला कुणी घर कुठलं विचारलं तर मी भाईंदर सांगते, आणि ते खोटं नाही. हिराबाईची चूल आहे, बांध आहे, ओठांवरचं मीठ मला आता कळतही नाही. पण मला खोटं लिहू देणारं आणि खरं जाणणारं माणूस त्या घरात होतं तोवर ते घर माझं होतं. आता ते माझं आहे की नाही, मला माहीत नाही, आणि हे माहीत नसणं मला सहन होत नाही.

मंदा अकरा वर्षांची झाली. मे महिन्यात तिला महिनाभर आजोळी पाठवावं असं मनात आहे. ती दूध पीत नाही, वहिनी. पाजायचा प्रयत्नही करू नका. नाचणीचं पीठ तिच्याबरोबर देईन, जवळा देणार नाही, तेवढं मला कळतं. पण ती भाईंदरला काय खाऊन उभी राहिली हे कुणी विचारलं तर ती खरं सांगेल, मी तिला खोटं शिकवलेलं नाही. तेव्हा हे पत्र आधी आबांना वाचून दाखवा. मोठ्यानं वाचा. आणि मग तिला यायला सांगायचं की नाही, ते मला कळवा.