सुतावर फुगलेला साग

शिनोलीजवळच्या सागाच्या संशोधन प्लॉटवर दरवर्षी झाडांचा घेर मोजणं हे माझं काम. सगळ्यात सरळ सागाला साहेबांनी निवडल्याची खूण म्हणून पिवळा पट्टा मारला. गावचा वड रस्त्यात गेलेला, म्हणून वटपौर्णिमेला बायकांनी त्या सागालाच सूत गुंडाळलं! मी ओरडलो, तर माझीच चुलती म्हणाली, "सरकारनं एवढ्यातनं निवडलाय, म्हंजी चांगलाच असंल ना रं?"

सूत तोडायला साहेब धजेनात. त्यांच्या बाईसाहेबांनीही फेरे मारले होते. मग दरसाल नवं सूत चढायचं, नि मी टेप त्या सुतावरूनच फिरवायचो. कागदावर तो साग असा काही फुगला, की सगळीकडं बी त्याचंच लावलं.

त्या बियांची झाडं मात्र काठीसारखीच राहिली. नवे साहेब माझ्यावरच खेकसले, "यांना काय कमी पडलं?"

"सूत," मी म्हणालो.